तीन नंबरची काच

हरेश्वरकाकांच्या तोंडून ‘घर घ्या’ एवढे दोन शब्द काढण्यासाठी मी आयुष्यातले आठ महिने घालवले आहेत. तेव्हा त्यांच्याबद्दल मी गोडगोड लिहीन अशी अपेक्षा कुणी ठेवू नये. त्यांना जाऊन दोन पावसाळे झाले. दोन वर्षं म्हणायचं सोडून मी पावसाळे म्हणते आहे, ही त्यांचीच खोड मला चिकटली आहे, आणि त्याचाही मला रागच येतो.

बोईसरला, सरावलीत, आमच्या बिल्डिंगमध्ये काका तळमजल्यावर राहायचे आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर. आम्ही म्हणजे मी, माझा नवरा सुधीर आणि माझ्या सासूबाई. काका जन्मभर बांधकामावर ओव्हरसियर होते. बायको कधीच गेलेली, मुलगी लग्न होऊन वलसाडला. रिटायर झाल्यावर माणसं नातवंडं खेळवतात, देवाधर्माला लागतात. काकांनी लोकांची जुनी घरं तपासायला घेतली. बोईसर-पालघर पट्ट्यात कुणाला जुनं घर विकत घ्यायचं असलं की तो आधी काकांना नेऊन ते दाखवायचा. घराचा पाया जागेवर आहे की सरकतोय, हे काका बघायचे. त्याबद्दल ते कुणाकडून काही घ्यायचे नाहीत. फुकट काम करणाऱ्या माणसाला बोलताही येत नाही, आणि माझी सगळी पंचाईत तिथंच झाली.

त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम तीन वस्तू असायच्या: पेन्सिलीचा तुकडा, भिंत सरळ आहे का ते बघायची ओळंब्याची दोरी आणि एक हिरवी काचेची गोटी. कुठल्याही घरात शिरले की काका आधी दार तीन वेळा लावून उघडून बघायचे. मग खाली वाकून गोटी फरशीवर ठेवायचे आणि ती कुठे जाते ते बघत राहायचे. तपासायला बोलावलेल्या घरात हे ठीक आहे. पण दुसऱ्या मजल्यावर सत्यनारायण होता तिथंही त्यांनी तेच केलं. कथेचा तिसरा अध्याय चाललेला, आणि गोटी घरंगळत थेट भटजींच्या मांडीशी. भटजींनी पोथीवरून मान वर केली. काकांनी शांतपणे गोटी उचलली आणि म्हणाले, “चालू द्या, चालू द्या. तुमची फरशी त्या कोपऱ्याला उतरते एवढंच.” यजमानीणबाई महिनाभर त्यांच्याशी बोलत नव्हत्या. काकांना ते कळलंच नाही.

जे घर बघायला जायचं तिथला चहा ते घेत नसत. सरबतही नाही, पाणीसुद्धा नाही. आपली बाटली सोबत. कितीही आग्रह झाला तरी एकच उत्तर, “आदी बगतो. ज्या घरचा चहा घेतला त्या घराला वाईट म्हणायला जीभ उचलत नाय.” बघून झाल्यावर, सगळं ठीक वाटलं तरच मग घरच्या बाईला ‘चहा ठेवा’ म्हणून सांगायचे. असं मी नुसतं ऐकून होते, प्रत्यक्षात बघितलेला माणूस मला भेटला नव्हता.

आणि सगळ्यात मोठी खोड म्हणजे ते कधी ‘घ्या’ म्हणायचे नाहीत आणि ‘नका घेऊ’ही म्हणायचे नाहीत. आमच्या शाळेतले भोईर सर त्यांना सफाळ्याला एक घर दाखवायला घेऊन गेले होते. मी शाळेच्या ऑफिसात आहे, ओळख मीच करून दिली होती. काका दोन तास त्या घराभोवती फिरले. आत फार गेलेच नाहीत. शेजारच्या बाईला विचारलं, श्रावणात पाणी कुठे साचतं. विहिरीत वाकून बघितलं. सर बिचारे छत्री धरून मागे मागे. शेवटी त्यांनी विचारलं, “मग काका, घेऊ का?”

काका म्हणाले, “उत्तरेची भिंत उन्हाळ्यात एक बोलते, पावसात एक. मी उन्हाळ्यातलं ऐकलं.”

“म्हणजे घेऊ का नको?”

“एक पावसाळा बगू.”

भोईर सरांनी डोक्यावर हात मारून घेतला आणि घर घेतलं. भाद्रपदात त्यांच्या मागच्या खोलीच्या भिंतीला अशी भेग पडली की तिच्यातून बाहेरची केळ दिसायची. आता यात कुणाला दोष द्यायचा? काकांनी बजावलं होतं म्हणावं, तर बजावलं नव्हतं. सर अजूनही माझ्या टेबलाशी येऊन कुरकुरतात, की त्या माणसानं सरळ ‘नको’ म्हटलं असतं तर त्याचं काय गेलं असतं.

एखाद्या एजंटाला मात्र ते बोलायचे. पालघरच्या बाजूला एक जुना बंगला होता, सगळ्या भिंती पोपडे आलेल्या आणि एकाच कोपऱ्याला ताजा गिलावा. काकांनी त्या कोपऱ्यावर बोटाची पेरं वाजवली आणि एजंटाला म्हणाले, “सगळं घर असंच, आणि ह्यानं एकट्यानं पावडर लावलीय. कोणाच्या लग्नाला निगालाय हा?” एजंट फोन आल्याचं निमित्त करून बाहेर गेला तो परत आलाच नाही.

मला वाटायचं, एवढा धास्तावलेला माणूस आहे, याच्या नोकरीत काहीतरी घडलं असणार. याच्या शब्दावर काहीतरी बांधलं गेलं असेल आणि पडलं असेल. एकदा मी धीर करून विचारलं. म्हटलं, “काका, खरं सांगा, तुम्ही ‘घ्या’ का म्हणत नाही? काय झालं होतं?”

त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. मी खुर्ची पुढे ओढली.

“काय नाय झालं,” ते म्हणाले. “मला ठाऊक नसतं म्हणून बोलत नाय.”

एवढंच. माणूस कंटाळवाणा असावा, पण किती.

त्यांच्या स्वतःच्या घरात भिंतींना सात काचा चिकटवलेल्या होत्या. बोटभर लांबीच्या, साध्या खिडकीच्या काचेच्या पट्ट्या. भिंतीला भेग असेल तिथला रंग खरवडायचा, भेगेवर आडवी काच ठेवायची, दोन्ही टोकांना पीओपीचा गोळा लावून ती पक्की करायची आणि काचेवर तारीख लिहायची. भिंत केसभर जरी सरकली तरी काच तडकते. तडकली तर भेग जिवंत, नाही तडकली तर मेलेली, अशी त्यांची भाषा. त्यांच्या घरातली सगळ्यात जुनी काच बारा पावसाळ्यांची होती. रंगारी आले की सात काचा सोडून बाकीच्या भिंतींना रंग द्यायचे. आमच्या बिल्डिंगमध्ये याच्यावर पुष्कळ विनोद झाले, त्यातले निम्मे मीच केलेले.

आता सासूबाईंचं सांगते, कारण हे सगळं त्यांच्यासाठी चाललं होतं. आई मूळच्या चिंचणीकडच्या, वाडीतल्या. माहेरी पानमळा, सासरी चिकू. सगळा जन्म मातीत. सासऱ्यांच्या पश्चात आम्ही त्यांना बोईसरला आणलं आणि तिसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवलं. मग त्यांचे गुडघे गेले. तेव्हा दोन वर्षं त्या खाली उतरल्याच नव्हत्या. एकदा दवाखान्यात न्यायचं होतं तेव्हा चौघांनी खुर्चीवर बसवून उतरवलं, तेवढंच. परत वर चढवताना त्या डोळे मिटून बसल्या होत्या आणि मला हळूच म्हणाल्या, “मला एकदा मातीवर पाय टेकवून बसू दे गं. मग काय ते होऊ दे.” त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

आईंची आणि काकांची दोस्ती गॅलरीतून. आई सकाळी दोरीला बांधलेली टोपली खाली सोडायच्या. काका आपल्या दारापुढच्या झाडाची दोन जास्वंदं तिच्यात ठेवायचे, आई टोपली ओढून घ्यायच्या. मग वरून हाक, “काय रे हरेश्वर, आज कोणाचं घर मोडायला निगालास?” आणि खालून उत्तर, “मोडत नाय वयनी, बगतो नुसतं.” दोघंही एकाच बाजूची माणसं. काका आईंना ‘वयनी’ म्हणायचे म्हणून मी त्यांची सूनबाई.

तर आईंना जमिनीवर आणायचं म्हणून आम्ही बैठं घर शोधत होतो, आणि एप्रिलच्या शेवटी वाणगावला ते सापडलं. रस्त्यापासून आत, दोन चिकू, एक विहीर, कौलारू छप्पर, पुढे ओटी. जुनं होतं, पण आम्हाला नवं परवडणारं नव्हतं. मालक नरेश वसईला नोकरीला. घरात त्याची म्हातारी मावशी, हिरामावशी, एकटी राहायची. तिनंच त्याला वाढवलेला. घर विकलं की तो तिला वसईला नेणार होता. मी ती ओटी बघितली आणि मनात आईंना तिथं बसवूनसुद्धा टाकलं. पण सुधीर म्हणाला, काका ‘घ्या’ म्हणाले तरच घ्यायचं. भोईर सरांची भेग त्यानं स्वतः बघितली होती.

झालं. मी स्कूटी चालवतेय, मागे काका, आणि त्यांच्या मांडीवर लाकडी स्टूल. वाणगावला पोचल्यावर दार तीन वेळा, गोटी, ओळंबा. मावशी पाण्याचा तांब्या घेऊन आली, काकांनी बाटली दाखवली. मग मागच्या खोलीत ते थांबले. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून एक भेग तिरपी जोत्याकडे गेली होती. वर करंगळी जाईल एवढी, खाली केसासारखी.

“ही कदीपासून?” काकांनी विचारलं.

“नरेश शाळेत होता तेवापासून हाय,” मावशी म्हणाली.

“वाढली का?”

“कोण मोजतंय, बाबा.”

“आमी मोजतो,” काका म्हणाले आणि स्टूल भिंतीशी ओढून बसले.

ती जमीन पूर्वीची भातखाचरं, काळी. पावसात फुगते, उन्हात आकसते. जुनं घर तिच्यावर वर्षानुवर्षं खालीवर होत राहतं किंवा एकदाचं बसून जातं, आणि यातलं कुठलं हे एका दिवसात कळत नाही, असं काकांनी मला समजावलं. मला समजलं, पण पटवून घ्यायची माझी तयारी नव्हती. त्यांनी पाच ठिकाणी काचा चिकटवल्या. एक ते पाच नंबर घातले, तारखा घातल्या. खिडकीखालची ती तीन नंबरची. उठताना मावशीला बोट दाखवून त्यांच्या त्या साइटवरच्या आवाजात म्हणाले, “मावशी, ह्या पाच काचा तुमच्या भरवशावर. एक पण फुटता नये.”

मावशीनं पदर सावरून मान हलवली. सगळा घोळ या एका वाक्यात होता, पण तो आम्हाला कळायला पाच महिने जायचे होते.

“मग काका?” मी विचारलं.

“दसऱ्यानंतर सांगतो.”

“काका, आता वैशाख चाललाय.”

“म्हणूनच. उन्हाळ्यात लावल्या, आता पावसाळा जाऊ दे.”

मी त्यांना काय काय नाही सांगितलं. नरेशकडे दुसरं गिऱ्हाईक आहे, कंपनीतला कुणी आहे, तो रोज फोन करतो. आईंचं वय झालंय. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि स्कूटीवर बसताना म्हणाले, “स्टूल नीट धरलंय मी, तुमी चालवा.” नरेश भला माणूस, दसऱ्यापर्यंत थांबायला कबूल झाला. पुढे मात्र एक दिवससुद्धा नाही म्हणाला.

ते पाच महिने मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. इकडे आई वर बसून त्या घराची मांडामांड करत होत्या. विहिरीच्या बाजूला अळू, ओटीच्या कडेला तुळस, न्हाणीचं पाणी केळीला. त्यांनी घर बघितलंसुद्धा नव्हतं. मी दर पंधरा दिवसांनी मावशीला फोन करायची. “मावशी, काचा बऱ्या आहेत ना?” “बऱ्या हायत.” गणपतीनंतरच्या फोनला ती जरा थांबून म्हणाली, “हायत गो, बऱ्या हायत,” आणि घाईनं ठेवून दिला. मला वाटलं गॅसवर काहीतरी असेल.

दसरा झाल्यावर आम्ही गेलो. काका एकेका काचेशी स्टूल नेऊन चढायचे नाहीतर टेकायचे, चष्मा कपाळावर सारायचे, नाक जवळ न्यायचे. एक नंबर अखंड. दोन अखंड. तीन नंबरशी फार वेळ थांबले. अखंड. चार, पाच, अखंड. परत एकदा सगळं घर फिरले, गोटी टाकली, दार लावलं. मग ओटीवर येऊन बसले, बाटलीचं बूच लावलं आणि आत बघून म्हणाले, “मावशी, जरा चहा ठेवा.”

मला रडूच आलं. मी मावशीच्या मागोमाग स्वयंपाकघरात पळाले, म्हटलं मी करते, तुम्ही बसा. मावशी आलं ठेचत होती. तिनं दाराकडे बघितलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “बरं झालं बाई त्यांना नाय कळलं. माझा जीव टांगणीला लागला होता.”

“काय नाही कळलं?”

मग तिनं सांगितलं. गणपतीत नरेशची पोरं आली होती, घरभर बॉल खेळत होती. ती गेल्यावर हिनं बघितलं तर तीन नंबरची काच मधोमध तडकलेली. हिला धडकी भरली. पाहुण्यानं भरवशावर ठेवलेली वस्तू, फुटता नये म्हणून सांगून गेलेला, आणि आपल्या पोरांनी फोडली. तोंड कसं दाखवायचं? तेव्हा तिनं नरेशच्या दहावीच्या सर्टिफिकेटची फ्रेम उतरवली, तिची काच बाजारात नेऊन तेवढ्याच मापाची कापून आणली, घरातल्या पांढऱ्या सिमेंटनं बसवली आणि जुना तुकडा समोर धरून त्याच्यावरची तारीख जशीच्या तशी काढली. मावशीला लिहिता येत नव्हतं. तिनं ती तारीख रांगोळीसारखी बघून बघून काढली होती. “अगदी तशीच झाली ना?” तिनं मला विचारलं. तिला त्याचं थोडं कौतुकही होतं.

“पोरांना फोडताना बघितलंत तुम्ही?”

“बगितलं नाय. पण पोरांशिवाय कोण फोडणार?”

भिंत फोडणार, मावशी. भिंत. पण हे तिला सांगून काय उपयोग? चहा उकळला होता. तिनं तीन कप भरले आणि ट्रे माझ्या हातात दिला. “सांगू नको हां,” म्हणाली.

स्वयंपाकघर ते ओटी, मधे दोन खोल्या. त्या दोन खोल्या चालताना माझ्या डोक्यात काय काय आलं ते मी लपवणार नाही. मला वाटलं, पोरांनीच फोडली असेल. नरेश आज संध्याकाळीच उत्तर मागणार आहे. आई तिकडे तुळशीची जागा ठरवून बसल्यात. हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा ‘घ्या’ म्हणणार आहे आणि मी फक्त गप्प राहायचंय. गप्प राहणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे. मी ओटीवर आले. काकांनी हात पुढे केला, कप उचलला.

“काका,” माझ्या तोंडून गेलं, “तीन नंबरची काच तुमची नाही.”

कप ओठांपर्यंत गेला होता. त्यांनी तो परत ट्रेमध्ये ठेवला. मी सगळं सांगितलं. मावशी दारामागे उभी राहून रडायला लागली. काका उठून तिच्याजवळ गेले आणि म्हणाले, “चूक माझी हाय, मावशी. फुटली तर फुटू द्या, असं सांगायचं होतं मी. काच फुटायलाच लावतात.” मग आत जाऊन ती काच पुन्हा बघून आले. “तारीख सुरेख काढलीय,” म्हणाले, आणि आपल्या बाटलीतलं पाणी प्यायले.

“आता?” मी विचारलं.

“पोरांनी फोडली की भिंतीनं, आता कोण सांगणार? नवी लावतो. पुढचा पावसाळा बगू.”

मग मात्र माझा तोल गेला. मी त्या ओटीवर उभी राहून ओरडले. म्हटलं, “पुढचा पावसाळा आईंना तुम्ही आणून देणार आहात का? तुम्हाला भिंतीची घाई नाही, मातीची घाई नाही, त्या बाईकडे किती पावसाळे उरलेत ते मोजायला आहे का तुमच्याकडे काच?” काका खाली मान घालून स्टूलची धूळ पुसत राहिले.

दिवाळीच्या आधी ते घर त्या कंपनीवाल्यानं घेतलं. त्यानं सगळ्या भिंती नव्यानं गिलावा करून रंगवल्या, त्यामुळे ती भेग जिवंत होती की मेलेली, हे आता कुणालाही कधीच कळणार नाही. सुधीर म्हणाला, तू बरोबर केलंस. बरोबर केल्याचं समाधान असतं म्हणतात, मला एक दिवसही ते मिळालं नाही. आईंनी अळूचं नाव काढायचं बंद केलं. काकांशी मी बोलणं टाकलं. येताजाता त्यांच्या दारावरून मान वळवून जायची. सकाळची जास्वंदं मात्र टोपलीतून येत होती.

मार्गशीर्षात एका सकाळी आईंनी टोपली वर ओढली आणि मला हाक मारली. टोपलीत फुलं नव्हती, किल्ली होती. मला वाटलं म्हातारा चुकून टाकून बसला. तणतणत तीन मजले उतरले. काकांचं दार उघडंच होतं. आत दोन ट्रंका आणि गुंडाळलेली गादी भिंतीशी लावून ठेवलेली, आणि ते स्टूलवर बसलेले.

“किल्ली पडली तुमची,” मी म्हटलं.

“पडली नाय. घर घ्या.”

“कुठलं घर?”

“हे. तुमचं वरचं मला द्या, हे तुमी घ्या. खोल्या तेवढ्याच हायत. बारा पावसाळे बगतोय मी ह्याला. सात काचा, एक पण तुटली नाय. वयनीला दारात बसवा, पुढं माती हाय, जास्वंद हाय. घ्या.”

ते दोन शब्द, ज्यांच्यासाठी मी आठ महिने या माणसाच्या मागे स्टूल वाहिलं. आणि मला काय व्हावं, तर संताप आला. “मग हे मे महिन्यात का नाही सुचलं तुम्हाला?” मी ओरडलेच.

“तेवा तुमी वाणगावच्या घराचं विचारलं होतं,” ते म्हणाले.

“आणि आमचं वरचं? ते नाही तपासायचं तुम्हाला? एक पावसाळा नाही बघायचा?”

“वरचं खालच्यावर उबं हाय,” काका म्हणाले. मग स्टूलवरून उठून, “चहा मिळल तुमच्याकडं?”

आईंना पुन्हा खुर्चीवरून उतरवलं. या वेळी त्यांनी डोळे उघडे ठेवले होते. दारापुढच्या वाफ्यात त्यांनी पाय टेकवले, बोटांनी माती उकरली आणि तिथंच तासभर बसून राहिल्या. कागदपत्रं सुधीरनं केली. आता टोपलीची दोरी उलटी झाली. काका गॅलरीतून टोपली खाली सोडायचे आणि आई तिच्यात जास्वंदं ठेवायच्या. आईंचे पावसाळे मी मोजले होते ते साफ चुकले. त्या अजून आहेत. दारात बसून माझ्या भाजीला नावं ठेवतात.

आणि काका, जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबून भिंत बघायला लागले. पहिल्या वळणावर, दुसऱ्या वळणावर, तिसऱ्या वळणावर, नाक भिंतीपासून वीतभर, हात भिंतीवर. दीड वर्ष रोज. मी कितीदा म्हटलं, अहो, जिन्याला तरी सोडा. शेवटचं बघितलं तेही तसंच. दुसऱ्या दिवशी ते लेकीकडे वलसाडला जायचे होते. मी गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन उतरत होते आणि काका दुसऱ्या वळणावर उभे. मी म्हटलं, “सापडली का भेग?” ते वळले नाहीत. जरा वेळानं म्हणाले, “बगतोय. तुमी व्हा पुढं.” माझ्या हातात कपडे होते, मी पुढे झाले.

वलसाडलाच ते झोपेत गेले. पंधरा दिवसांनी त्यांची मुलगी सामान आवरायला आली. तिला घेऊन मी वर निघाले. पहिल्या वळणावर मी सहज भिंत बघितली, मग दुसऱ्या वळणावर, मग तिसऱ्या. पुन्हा खाली येऊन बघितली. भेग कुठेच नव्हती, केसाएवढीसुद्धा नाही. तिन्ही वळणांवर, एकाच उंचीला, रंगावर पंजाएवढा काळपट डाग पडला होता, रोज अंगाचा भार टाकून हात टेकवल्याचा.

खालून आईंनी हाक मारली, “काय गं, थांबलात का?”

“काही नाही,” मी म्हटलं, “भिंत बघतेय.”